न्यूयॉर्क शहराची आकाशवाणी

(सिनेगॉगच्या सभागृहात रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून तयार केलेले लेखी रूप.)



आपल्यापैकी ज्यांचे बालपण भायखळा, माझगाव, ठाणे किंवा अलिबागच्या बाजूस गेले, त्यांच्या कानांत एक सूर अजून असेल. पहाटे रेडिओ लावला की आधी नुसती खरखर होई, आणि मग तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची ती लहानशी धून उमटे. आकाशवाणीची ही ओळखधून बांधण्याचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. काही जाणकार दुसरीही नावे घेतात. कॉफमन हे बोहेमियातील कार्ल्सबाडचे ज्यू. हिटलरची छाया युरोपवर पडली तेव्हा, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले आणि पुढे मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. महायुद्धानंतर ते कॅनडात विनिपेगला गेले आणि अखेर अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठात स्थिरावले. एका निर्वासित ज्यू संगीतकाराच्या नावावर असलेली ती धून ऐकत आम्ही कोकणातील ज्यूंची मुले शाळेची दप्तरे भरीत होतो, आणि त्याची आम्हांला गंधवार्ताही नव्हती.

त्या धुनेमागचा रेडिओ सरकारचा होता. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने केंद्र सुरू केले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि केंद्र सरकारने ताब्यात घेतले. त्यामुळे रेडिओ म्हटला की तो दिल्लीहून चालायचा, असे आमच्या मनात घट्ट बसले होते. या देशात आल्यावर नेमके उलटे दिसले. इथल्या लहरी बहुतेक साबण, सिगारेटी आणि मोटारी विकणाऱ्यांच्या हाती गेलेल्या होत्या. १९३४ साली अमेरिकन काँग्रेसपुढे अशी सूचना आली होती, की एकचतुर्थांश लहरी नफा न मिळविणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवाव्यात. ती फेटाळली गेली. शाळा-महाविद्यालयांची जी लहानसहान केंद्रे होती, त्यांतली पुष्कळशी त्याच सुमारास बंद पडली.

आज मी ज्या केंद्राची हकीकत सांगणार आहे, ते या दोहोंत बसत नाही. ते दिल्ली-वॉशिंग्टनसारख्या दूरच्या सरकारचेही नव्हते आणि व्यापाऱ्याचेही नव्हते. ते होते न्यूयॉर्क शहराचे, जसे पाण्याचे नळ आणि अग्निशामक बंब शहराचे असतात तसे. डब्ल्यूएनवायसी हे त्याचे नाव.

या कल्पनेचा पुरस्कार केला तो ग्रोव्हर व्हेलन या शहर अधिकाऱ्याने. त्याच्याकडे पूल, नावा आणि इमारती यांचे खाते होते. रेडिओ त्याच खात्यात आला, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. नवे प्रक्षेपणयंत्र परवडेना, म्हणून ब्राझीलमधील एका प्रदर्शनात वापरलेले जुने यंत्र आणले गेले. ८ जुलै १९२४ रोजी मॅनहॅटनमधील म्युनिसिपल बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरून प्रक्षेपण सुरू झाले. आपल्यापैकी ज्यांनी सिटी हॉलजवळच्या कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या, त्यांनी ती इमारत रोज पाहिलेली आहे.

प्रारंभ काही फारसा पवित्र नव्हता. तेव्हाचे महापौर हायलन यांनी या केंद्राचा उपयोग आपल्या विरोधकांना झोडपण्यासाठी केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पुढे लहरींच्या वाटपात केंद्राच्या वाट्यास आलेली लहर मिनियापोलिसच्या एका बलाढ्य केंद्राचीही होती. रात्री रेडिओच्या लहरी फार दूर पोचतात, म्हणून सूर्यास्त झाला की न्यूयॉर्कच्या केंद्राने गप्प बसायचे, अशी अट होती. एवढ्या मोठ्या शहराचा आवाज दिवेलागणीला बंद होई.

१९३४ मध्ये फियोरेल्लो लाग्वार्डिया महापौर झाले. त्यांची आई ट्रिएस्टच्या ज्यू घराण्यातली. त्यांना स्वतःला यिद्दिश उत्तम येई. मंदीचे दिवस होते, तिजोरीत खडखडाट होता, आणि हे केंद्र म्हणजे उधळपट्टी आहे, ते बंद करावे, असे त्यांच्या मनात होते. त्यांनी चौकशी समिती नेमली. समितीने केंद्र चालू ठेवावे असा अभिप्राय दिला, आणि बंद करायला निघालेला माणूसच त्याचा सर्वांत मोठा आश्रयदाता झाला. बेकारांना काम देण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेतून ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंट येथे नवे प्रक्षेपणकेंद्र बांधले गेले. १९३८ मध्ये मॉरिस नोव्हिक या रशियात जन्मलेल्या ज्यू स्थलांतरिताला लाग्वार्डियांनी संचालक नेमले.

नोव्हिक आले होते डब्ल्यूईव्हीडी या केंद्रातून. समाजवादी पक्षाने १९२७ मध्ये काढलेले ते केंद्र मोडकळीस आले तेव्हा यिद्दिश वृत्तपत्र ‘फॉरवर्ड’ने त्याला सावरले, आणि लोअर ईस्ट साइडच्या घराघरांत यिद्दिश गाणी, नाटके आणि बातम्या पोचू लागल्या. शिवणकामाच्या कारखान्यातून थकून आलेल्या माणसाला आपल्या भाषेत कोणी बोलताना ऐकून काय वाटत असेल, हे मराठी बोलणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिथली शिकवण घेऊन नोव्हिक शहराच्या केंद्रात आले. आज आपण सार्वजनिक प्रसारण म्हणतो, तो शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

या केंद्रावरून काय ऐकू येई? बाजारखात्याच्या वतीने रोज सकाळी गृहिणींना सांगितले जाई, की आज कोणती भाजी स्वस्त आहे आणि कोणती मासळी चांगली आली आहे. पोलीस खाते हरवलेल्या माणसांची वर्णने सांगे. अभिजात संगीताच्या तबकड्यांचा कार्यक्रम १९२९ पासून चालू होता. ज्याच्या घरी फोनोग्राफ नाही त्याच्यासाठी तेच संगीतगृह. १९४० पासून दर फेब्रुवारीत, लिंकनच्या जन्मदिवसापासून वॉशिंग्टनच्या जन्मदिवसापर्यंत, केवळ अमेरिकन संगीताचा महोत्सव होऊ लागला. लेड बेली हा लुइझियानाचा कृष्णवर्णीय लोकगायक. त्याने तुरुंग भोगलेला होता. त्या काळी व्यापारी केंद्रांनी त्याला क्वचितच जवळ केले असते. पण शहराच्या या केंद्राने त्याला स्वतःचा कार्यक्रम दिला. मला विचाराल तर या केंद्राच्या इतिहासातले सर्वांत अभिमानाचे पान हेच आहे. महापौरांच्या भाषणांचे स्थान त्यानंतरचे.

तरी एक भाषण सांगायला हवे. जुलै १९४५ मध्ये वृत्तपत्रे पोचविणाऱ्या कामगारांनी संप केला आणि सतरा दिवस शहरात वर्तमानपत्र मिळेना. लाग्वार्डिया दर रविवारी रेडिओवरून नागरिकांशी बोलत. एका रविवारी त्यांनी समोर चित्रकथांचे पान घेतले आणि मुलांसाठी ते मोठ्याने वाचून दाखविले. आवाज बदलून, हातवारे करून, कोणते पात्र चांगले आणि कोणते लबाड यावर टीकाटिप्पणी करीत! शहराचा कारभारी मुलांना गोष्ट वाचून दाखवतो आहे, हे चित्र न्यूयॉर्कच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून पुढे कधीच गेले नाही.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे थोडक्यात सांगतो. १९४५ मध्ये एफएमच्या पट्ट्यातील ८८ ते ९२ हा भाग शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आला; अकरा वर्षांपूर्वी जे नाकारले होते त्याचा थोडा भाग हाती आला. १९६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली. मूळ मसुद्यात फक्त टेलिव्हिजन होता. रेडिओ हा शब्द अगदी शेवटच्या टप्प्यात घातला गेला. त्या एका शब्दामुळे नॅशनल पब्लिक रेडिओ उभा राहिला आणि १९७१ च्या मे महिन्यात त्याचे सायंकाळचे वार्तापत्र सुरू झाले. तेव्हापासून दूरची बातमी वॉशिंग्टनहून यावी आणि जवळची बातमी स्थानिक केंद्राने द्यावी, अशी वाटणी झाली.

खरा प्रसंग गुदरला तो १९९५ मध्ये. शहराला पैसा हवा होता. डब्ल्यूएनवायसीची एफएम लहर आहे ९३.९, म्हणजे राखीव भागाच्या बाहेर, व्यापारी पट्ट्यात. बाजारात तिला जबर किंमत आली असती. महापौर जुलियानी यांच्या कारभारात केंद्र विकण्याचे ठरले तेव्हा श्रोत्यांच्या वर्गण्यांवर चालणाऱ्या प्रतिष्ठानाने ते विकत घेण्याची तयारी दाखविली. रक्कम ठरली २ कोटी डॉलर, सहा वर्षांत फेडायची. १९९७ च्या जानेवारीत परवाने प्रतिष्ठानाकडे आले. त्या वर्षी आमच्या घरातून पहिल्यांदा चेक गेला. माझी पत्नी म्हणाली, “इतकी वर्षं फुकट ऐकलं, आता भाडं भरू.” रक्कम लहान होती, पण तशा हजारो लहान रकमांतूनच ती किंमत फिटली.

मंगळवार, ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ आपण कोणीच विसरणार नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर या केंद्राचे एफएम प्रक्षेपणयंत्र होते. क्वीन्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ एकाएकी मुका झाला. मी काटा फिरवून एएमवर ८२० लावले, आणि तोच ओळखीचा आवाज तिथे होता. त्यांची म्युनिसिपल बिल्डिंगमधली जागा काही रस्त्यांच्याच अंतरावर. ती रिकामी करावी लागली, तरी दुसऱ्या ठिकाणाहून बोलणे चालू राहिले. कोणती गाडी चालू आहे, कोणता पूल बंद आहे, रक्त कोठे द्यायचे. आमचा मुलगा त्या वेळी मॅनहॅटनमध्ये होता. तो पुलावरून चालत घरी आला तोवर संध्याकाळ झाली होती, आणि दिवसभर आम्ही त्या यंत्रासमोरून हललो नव्हतो.

आता पर्यावरणाकडे येतो, कारण मला वाटते, बाजारभाव सांगण्याची ती जुनी परंपरा तिथे नव्या रूपाने पुढे चालू आहे. २००७ मध्ये ब्रायन लेहरर यांच्या सकाळच्या कार्यक्रमात श्रोत्यांना सांगण्यात आले, की आपापल्या गल्लीतल्या एसयूव्ही गाड्या मोजून कळवा. मग दुधाचे भाव कळवा. २०१३ मध्ये सतरा वर्षे जमिनीखाली राहिलेले सिकाडा नावाचे किडे वर येणार होते. आठ इंच खोलीवर माती ६४ अंश फॅरनहाइट झाली की ते बाहेर पडतात. केंद्राने तापमापक घरी कसा जुळवायचा ते शिकविले, आणि शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत लोक अंगणातल्या मातीचे तापमान कळवू लागले.

ही वाटते गंमत. पण २०१६ च्या उन्हाळ्यात हीच पद्धत हार्लेममध्ये गंभीर कामास आली. हवामानाविषयी नागरिकांची निरीक्षणे गोळा करणारा ‘आयसीचेंज’ हा उपक्रम, हार्लेममधील एक पर्यावरण-न्यायाची संस्था आणि हे केंद्र यांनी मिळून वातानुकूलन नसलेल्या घरांत लहान तापमापक ठेवले. दिसले असे, की रात्री बाहेरची हवा निवली तरी विटांच्या इमारतींतल्या खोल्या तापलेल्याच राहतात. हवामानखाते बाहेरचे तापमान सांगते; माणूस मात्र आत मरतो. उन्हाळ्यात या शहरात उष्म्याने होणारे मृत्यू बहुतांशी घरातच होतात. हिवाळ्यात भाडेकरूची खोली किती उबदार असली पाहिजे याचा नियम न्यूयॉर्कमध्ये होता, उन्हाळ्यात ती किती तापू द्यावी याचा नव्हता. आपल्या मंडळींपैकी किती वृद्ध वरच्या मजल्यावर एकटे राहतात, ते मी इथे सांगत नाही. आपल्याला ठाऊक आहे.

मी हे सारे आज सांगतो आहे, त्याला कारण आहे. २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि १ ऑगस्टला ते पैसे वाटणाऱ्या महामंडळाने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कचे केंद्र यातून तरेल. इथे वर्गणीदार पुष्कळ आहेत. संकट आहे ते लहान ठिकाणी. अलास्कात बेथेल नावाचे एक गाव आहे, जिथे बाहेरून मोटाररस्ता जात नाही. तिथले केवाययूके हे केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबर युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बातम्या देते. त्याच्या उत्पन्नातला सुमारे ७० टक्के वाटा वॉशिंग्टनच्या पैशाचा होता. तो थांबला, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हालोंग वादळाचे अवशेष त्या किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या वस्त्यांतली घरे पायांवरून उचलली जाऊन वाहत गेली. कोण कोठे आहे, विमाने कधी येणार, हे त्या केंद्रातली उरलेली माणसे सांगत होती.

युपिक बोलणारे फार थोडे आहेत, आणि इथे मराठी बोलणारे ज्यू तर त्याहूनही थोडे. त्या आठवड्यात आमच्या घरातून दोन चेक गेले. एक नेहमीचा, आणि दुसरा बेथेलला; त्याच्या पाकिटावरचा पत्ता माझ्या नातीने मला दोनदा तपासून दिला.