मैदानावर कोण राहिले?

मराठवाड्यात जळकोट नावाची दोन गावे आहेत. एक लातूर जिल्ह्यातले, तालुक्याचे. दुसरे आमचे, धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्ग मागे पडले की लागते ते. या दुसऱ्या जळकोटात बसून मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांविषयी लिहावेसे वाटले, त्याला २०२० सालची एक घटना कारण झाली. त्या वर्षी खो-खोपटू सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या तेव्हा आमच्याच तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी होत्या. खो-खोला हा पुरस्कार १९९८ मध्ये कर्नाटकच्या शोभा नारायण यांना मिळाला होता. मधली बावीस वर्षे कोरडी गेली होती.

बातम्यांत खेळाडूविषयी पुष्कळ आले. त्यांचे धाराशिवचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचा उल्लेखही आला, पण थोडक्यात. ते वाचताना मनात एक प्रश्न राहून गेला. खेळाडूची कारकीर्द पदकांत मोजता येते. मुलींच्या प्रशिक्षकाची कशात मोजायची?

अशा कारकिर्दीची बारीकसारीक नोंद जिथे ठेवली गेली, तिथून सुरुवात करणे सोयीचे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ रचला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ महाविद्यालयातल्या मुलींना शिकवला. मुलींना फार धावावे लागू नये म्हणून तिने मैदानाचे तीन भाग केले आणि आपला भाग सोडायला खेळाडूंना मनाई केली. तिचे करणे मुलींच्या हिताचेच होते. काळच असा होता, की त्या रेघा आखल्याशिवाय मुलींना खेळू दिले गेले नसते. मुलींच्या प्रशिक्षकाला खेळ शिकवण्याआधी भोवतालच्या समाजाशी तडजोड करावी लागते, हे तेव्हापासूनचे आहे.

१९७४ मध्ये पॅट समिट ही बावीस वर्षांची तरुणी टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान होत्या. पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे कपडे तीच धुवायची, परगावच्या सामन्यांना गाडीही तीच चालवायची. शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला होता, पण त्याचा पैसा मैदानापर्यंत पोहोचायचा होता. अडतीस वर्षांनी, २०१२ मध्ये, स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे ती पदावरून दूर झाली. तोवर तिच्या नावावर १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे होती. २०१६ मध्ये तिचे निधन झाले.

हे आकडे सगळीकडे सापडतात. मला महत्त्वाचा वाटतो तो तिचा दुसरा हिशेब. तिच्या संघात पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. तिच्या कितीतरी खेळाडू पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. सामना संपल्यावर मुलीचे काय झाले, याची नोंद त्या कारकिर्दीचाच भाग मानली गेली.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील महाविद्यालयांच्या दर दहा महिला संघांपैकी नऊंहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. कायद्याने पगार आले, प्रतिष्ठा आली, आणि त्या जागांवर पुरुषही आले. एकविसावे शतक उजाडेपर्यंत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून खाली गेले होते. म्हणजे खेळणाऱ्या मुली वाढल्या, पण मोठेपणी मैदानावर त्यांच्यासाठी राखलेली जागा आक्रसली.

आता आपल्याकडे येऊ. बास्केटबॉलला पक्के मैदान, फळा आणि कडे लागते. खो-खोला दोन खांब आणि चुना पुरतो. आमच्या भागात मुली मोठ्या संख्येने खो-खोकडे का वळल्या, याचे निम्मे उत्तर त्यात आहे. या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर लेखी झाले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. लगेच पुढच्या वर्षी कोल्हापूरला स्त्रियांचीही स्पर्धा सुरू झाली.

खर्च कमी असला तरी हा खेळ प्रशिक्षकाला सोपा नाही. पाठलाग करणाऱ्या नऊजणींपैकी आठजणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. धावणारीने एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही. मधली रेघही ओलांडता येत नाही. म्हणून आपण कुठे थांबायचे आणि कोणाला खो द्यायचा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तो अंगात मुरायला त्याच मुली रोज एकमेकींसोबत लागतात. एकीने येणे थांबवले की सगळी ओळ विसकटते. आणि मुलींचे येणे थांबायला कारणे पुष्कळ असतात. दहावी होते, शेवटची बस लवकर सुटते, घरचे ऊसतोडीला जातात, लग्न ठरते. प्रशिक्षकाचे निम्मे काम म्हणूनच मैदानाबाहेर, त्या मुलीच्या घरच्या ओसरीवर होते.

सारिका काळे यांना तेराव्या वर्षी काकांनी मैदानावर नेले. खेळाच्या जवळजवळ दहा वर्षांत आपण एक वेळच्या जेवणावर दिवस काढले, असे त्यांनी पुरस्काराच्या वेळी सांगितले. २०१६ मध्ये गुवाहाटी आणि शिलाँग येथे झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्या कर्णधार होत्या. त्याच वर्षी घरची ओढाताण असह्य होऊन त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. जाधव यांनी सांगितल्याप्रमाणे, त्यांच्या आजीने कळवले की मुलीने खोलीत कोंडून घेतले आहे. समजूत घातल्यावर त्या पुन्हा मैदानावर आल्या. पुढे सरकारी नोकरी मिळाली, आणि मग पुरस्कार.

जाधव यांच्या कारकिर्दीत पदकांचे प्रसंग अनेक असतील. मला सर्वांत मोठा वाटतो तो हाच, आणि त्याला गुणफलकावर जागा नाही. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे. २००० साली गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना तो खो-खोसाठी मिळालाही. पण पुरस्काराच्या अर्जात खेळाडूंची पदके भरायची असतात. सोडून चाललेल्या किती मुली परत आणल्या, हा रकाना त्यात नसतो. जे मोजले जात नाही ते दुसऱ्याला शिकवता येत नाही. प्रत्येक नवा प्रशिक्षक त्याच अडचणींपाशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. आता या खेळात पैसा येईल, नोकऱ्या येतील, आणि यावेतच. मात्र अमेरिकेत जे झाले ते ध्यानात ठेवलेले बरे. आज खेळणाऱ्या मुलींपैकी किती उद्या शिट्टी हातात घेऊन उभ्या राहतील, हे आपोआप ठरत नाही.

माझी सूचना साधी आहे. मुलींचा संघ बांधणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि मंडळाने हजेरीपटाला तीन रकाने जोडावेत: मुलगी कधी आली, कधी आणि का थांबली, आज काय करते. दहा वर्षांनी तो पट म्हणजेच त्या प्रशिक्षकाचे चरित्र असेल, आणि पदकांच्या यादीहून ते अधिक खरे असेल. आमच्या जिल्ह्याच्या पटावर एका नावापुढे ‘२०१६, सोडून चालली होती, परत आली’ असे लिहावे लागेल, आणि शेवटच्या रकान्यात ‘तालुका क्रीडा अधिकारी’. बाकीच्या नावांपुढचे रकाने कोऱ्या कागदासारखे आहेत. ते भरायला त्या मुली, त्यांच्या आया आणि ते प्रशिक्षक हयात आहेत तोवरच वेळ आहे.