दारचे हिम

पुण्याच्या वेधशाळेच्या दफ्तरात नीचतम तापमान म्हणून जी नोंद आहे ती १७ जानेवारी १९३५ या दिवसाची, १.७ अंश सेल्सियसची. म्हणजे या शहराने थंडीचा कहर अनुभवला त्या दिवशीही पाणी गोठावे इतका पारा उतरला नाही. म्हणूनच पुणेरी वाड्याच्या वार्षिक बंदोबस्तात मृगापूर्वी कौले शाकारावीत, पन्हळी साफ कराव्यात, सरपण कोरडे असतानाच आत घ्यावे, अशी पावसाची सांगोपांग तजवीज असे. हिमाचे मात्र कलमच नव्हते. भाषेचीही तीच अवस्था होती. सर, झड, भुरभुर, संततधार असे पावसाचे बारकावे जिच्या जिभेवर खेळतात त्या आपल्या मराठीत हिम राहिले स्तोत्रांत आणि हिमालयाच्या नावात. आणि फारशीतून आलेला ‘बर्फ’ हा शब्द गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेल्या लादीला चिकटून बसला. आकाशातून निःशब्दपणे उतरणारी, सकाळी दार उघडू न देणारी वस्तू या दोन्ही शब्दांत मावणारी नव्हती. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेले आपले लोक ‘स्नो पडला’, ‘स्नो काढायचाय’ असे म्हणतात, ते याच कारणाने. त्यांना भाषाभ्रष्ट ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

या वस्तूशी परदेशात मराठी माणसाची जी एक आरंभीची ओळख झाली, तिचे मोल फार मोठे पडले. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हिवाळ्यामागून हिवाळे काढले आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली; परंतु तेथील शीत आणि अपरिचित आहार यांनी आधीच क्षीण झालेली प्रकृती क्षयाने पुरती पोखरली, व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी न होता, त्यांचा पुण्यात अंत झाला. त्यांची रक्षा ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीप्रमाणे सांभाळले होते त्यांच्याकडे धाडण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावच्या स्मशानभूमीत ती आजही आहे.

हिम हटवण्याच्या यंत्राची कल्पना तोवर कागदावर उतरली होती. टोरांटो येथील एलियट नामक दंतवैद्याने १८६९ साली रुळांवरचे हिम फिरत्या चक्राने उडवून देण्याची युक्ती योजिली. पुढे ऑरेंज जल याने तिच्यात सुधारणा केल्या आणि रेल्वेने ती स्वीकारली. रस्त्यासाठी तसे यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकार याने १९२५ मध्ये सिद्ध केले. गृहस्थाने स्वतःच्या दारात चालवावे असे लहान यंत्र मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच रूढ झाले. अमेरिकेचा स्थलांतरविषयक कायदा १९६५ साली बदलला, १९६७ मध्ये कॅनडाने गुणांवर प्रवेश देण्याची पद्धत सुरू केली, आणि पुण्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले तरुण अभियंते व डॉक्टर त्या देशांत जाऊन पोहोचले तो हाच काळ.

माझे थोरले बंधू त्यांपैकीच एक. ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ अशा मायन्याने सुरू होणारी त्यांची निळी हवाई पत्रे आमच्या घरी आहेत, आणि त्यांतील पहिल्या दोन हिवाळ्यांच्या पत्रांत नोकरीहून अधिक मजकूर फावड्याचा आहे. आईला तो कळत नसे. मला त्यांच्या घरी राहिल्यावर कळला. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा मोटारीच्या वाटेवर तीस सेंटिमीटर हिम साचले, तर ते पंधरा घनमीटर होते. कोरडे, ताजे हिम घनमीटरला शंभर किलो धरले तरी दीड टन, आणि ओले असल्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढे ओझे पहाटे, उपाशीपोटी, कचेरी गाठण्यापूर्वी उचलायचे. या श्रमाने हृदयविकाराचा झटका येऊन दरवर्षी तिकडे माणसे दगावतात, म्हणून यंत्र घेणे यात मी आळस पाहत नाही.

बंधूंनी यंत्र निवडले ते मात्र पूर्ण विचारांती. एकटप्पी यंत्रात मळसूत्री पातेच जमिनीला घासून हिम ओढते आणि तेच फेकते. ते हलके, स्वस्त, फरसबंद वाटेवरच्या वीतभर हिमाला पुरेसे. दुटप्पी यंत्रात पाते हिम केवळ गोळा करते, मागचा पंखा ते नळीवाटे दूर भिरकावतो आणि चाके इंजिनाच्या बळावर फिरतात. पाते भुईपासून किंचित उचलून धरता येत असल्याने खडीची वाटही त्याला चालते. त्यांनी दुटप्पी घेतले, ते आकाशातल्या हिमासाठी नव्हे. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करीत जातो तेव्हा प्रत्येक घराच्या तोंडाशी ओल्या, मिठाने काळवंडलेल्या हिमाचा गुडघाभर बांध टाकून जातो, आणि तासाभरात तो दगड होतो. हलके यंत्र नेमके तेथे हात टेकते. खरेदीपूर्वी जो या बांधाकडे पाहत नाही तो फसतो, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

एके सकाळी हिमाखाली गाडले गेलेले वर्तमानपत्र पात्यात सापडले आणि यंत्र खटकन थांबले. बंधूंनी प्रथम इंजिन बंद केले, मग काठीने कागद सोडवला. इंजिन बंद असले तरी पात्यात ताण उरतो व तो बोटे नेतो, म्हणून नळीत हात घालायचा नाही, हा त्यांच्या घरचा दंडक. नंतर खिशातून करंगळीएवढी खीळ काढून त्यांनी मोडलेल्या खिळीच्या जागी बसवली. ती मुद्दाम मऊ धातूची असते. ती मोडते म्हणून आतील दातेरी चाके वाचतात. शून्याखाली वीस अंशांत हातमोजा काढून ते काम करताना त्यांची बोटे निळी पडलेली मी पाहिली. वडिलांना लिहिलेल्या एकाही पत्रात त्या बोटांचा उल्लेख नाही.

परदेशी गेलेल्या पुणेकरांचा वृत्तान्त आपण पदव्या व हुद्दे यांच्या याद्यांतून लिहितो. दारातल्या या श्रमांचा दाखला त्या याद्यांत सापडत नाही, तो पत्रांत आहे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतील वाडे आता झपाट्याने पाडले जात आहेत आणि ट्रंकांतील कागद रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी अशी निळी पत्रे असतील त्यांनी ती एकवार वाचावीत, त्यांवर साल व गाव लिहावे, आणि ती टाकू नयेत.