खदान बंद झाली, पावसाळा थोडाच बंद झाला?

पोस्ट जरा मोठी आहे. पण आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याने एकदा शेवटपर्यंत वाचावी.

२६ ऑगस्ट २०२२. भर पावसाळ्यात घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. साठ-सत्तर फूट खोल. घरची माणसं थोडं आधी बाहेर पडली म्हणून वाचली. त्या भागाखाली जुनी, बंद पडलेली भूमिगत खदान होती. तेव्हा मला खूप जणांनी विचारलं, "खदान तर कधीचीच बंद झाली, मग आता काय?"

या "आता काय"चं उत्तर हवं असेल तर थोडं मागे जावं लागतं.

भूमिगत खदान म्हटलं की आपल्याला वायू आणि स्फोट आठवतात. पाणी सहसा आठवत नाही. पण खदानीत पाणी शिरायच्या वाटा तीन. एक, खदानीचं तोंड. नाल्याला पूर आला आणि पाणी चानकात किंवा इनक्लाइनमध्ये उतरलं की संपलं. दुसरी वाट भेगांची. कोळसा काढताना खाली कोळशाचेच खांब सोडतात आणि शेवटी तेही काढतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. मग छत बसतं, वरची जमीन खचते, शेतात भेगा पडतात. पावसाचं पाणी त्यांतून सरळ खाली. तिसरी वाट म्हणजे शेजारची जुनी खदान, जिच्यात वर्षानुवर्षं पाणी साठलेलं असतं.

१० डिसेंबर १९५४. छिंदवाडा जिल्ह्यातली न्यूटन चिखली खदान. आत पाणी घुसलं आणि ६३ कामगार गेले. हे काही परमुलखातलं नाही बरं का. तेव्हा छिंदवाडा आणि आपलं चांदा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती.

१९५७ साली कोळसा खाणींचे नवे नियम आले. त्यातला १२६ क्रमांकाचा नियम खास वरच्या पाण्याबद्दल होता. खदानीचं तोंड आजवरच्या सर्वात मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच हवं. नदी, तलाव यांच्या खाली आणि काठापासून १५ मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय कोळसा काढायचा नाही. पावसाळ्याआधी वरच्या पाण्याचा धोका तपासायचा. ही तपासणी म्हणजे काय? कुणीतरी पायी फिरून बघायचं. नाला तुंबलाय का, बांध फुटलाय का, नवीन भेग पडलीय का. भेग दिसली की माती टाकून बुजवायची. काम साधंच, पण खालच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून.

नियम चांगले होते, तरी माणसं मेलीच. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खदानीत साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. 'काला पत्थर' सिनेमा त्याच घटनेवरून सुचलेला. मग सप्टेंबर १९९५. धनबाद भागातच मुसळधार पाऊस, कतरी नदीला पूर आणि नदीचं पाणी थेट गझलीटांड खदानीत. ६४ कामगार परत वर आले नाहीत. इथे तर पाणी कुठल्या जुन्या खड्ड्यातलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोरून वाहणारी नदी होती.

१९५७ च्या नियमांच्या जागी २०१७ साली नवे नियम आले. वरच्या पाण्याची काळजी त्यातही आहे. पण हे सगळं वाचताना एक गोष्ट मला खटकते. या नियमांच्या मध्यभागी खाली काम करणारा कामगार आहे, आणि तो असायलाच हवा. पण खदान बंद झाली की कामगार वर येतो, पंप थांबतात, पंप खलाशाची ड्युटी संपते आणि पावसाळ्याआधीची ती फेरीही संपते. संपत नाही ते पाणी. रिकाम्या पोकळीत ते हळूहळू चढत जातं, पाऊसकाळ आणि उन्हाळ्याप्रमाणे वरखाली होतं. पाणी लागून लागून खांब आणि छताचा दगड कमकुवत होऊ शकतो. आणि वर? वर तोवर वस्ती झालेली असते.

आपल्या जिल्ह्यात तर हा इतिहास दीडशे वर्षांच्या जवळपासचा आहे. वरोऱ्याची सरकारी खदान इंग्रजांच्या काळातली, १९०६ साली बंदही झाली. तेव्हापासून किती चानकं खोदली गेली आणि किती बुजली, त्यांच्यावर किती लेआउट पडले, याचा विचार करा.

२००९ पासून खदान बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आधीच पैसा बाजूला ठेवणं सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण त्याआधी बंद पडलेल्या खदानींसाठी असा पैसा कुणी ठेवलेला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. खदान सोडताना तिचा नकाशा खाण सुरक्षा खात्याकडे जमा करावा लागतो. म्हणजे नकाशा ही काही नवीन काढायची गोष्ट नाही. तो नगर परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. कुठल्या वॉर्डाखाली पोकळी आहे, हे घर बांधणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. आणि दरवर्षी मे महिन्यात जी फेरी चालू खदानीभोवती होते, ती बंद खदानीवरही झाली पाहिजे. नाला, भेगा, खचलेली जमीन, पाणी साचणारे खड्डे, सगळं बघून लिहून ठेवायचं, आणि तो कागद गावाला दाखवायचा.

तोवर आपणही एक करू शकतो. घराच्या जोत्याला नवीन तडा गेला, अंगणात खळगा पडला, विहिरीचं पाणी अचानक उतरलं, शेतात पावसाचं पाणी भसकन जिरताना दिसलं, तर फोटो काढा, तारीख टाका आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.

घुग्घुसला माणसं वाचली ती नशिबाने. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नशिबावरच सोडायचं का, तेवढं ठरवूया.