चिंचपाड्याचे मिशन आणि परकेपणाचा आरोप

नवापूर तालुक्यातले चिंचपाडा हे ताप्ती व्हॅली रेल्वेवरचे लहान गाव. सुरतेकडून खानदेशात शिरणारा हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि मावची, गावित, कोकणी, भिल्ल यांच्या पाड्यांमधून तीन प्रकारचे बाहेरचे लोक ये-जा करू लागले : लाकडाचे व्यापारी, सरकारी अंमलदार आणि मिशनरी. मिशनरी गोरे असले तरी राज्यकर्त्या देशाचे नव्हते. पश्चिम खानदेशात काम करणाऱ्या मिशनांची मुळे स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्वीडिश-नॉर्वेजियन कुटुंबांत होती. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन उपदेशकाने १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापले. १९४९ पासून ते ‘टीम’, म्हणजे द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, या नावाने ओळखले जाऊ लागले. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना याच मिशनचा.

इंग्रज सरकारला अशा बिगर-ब्रिटिश मिशनऱ्यांचा भरवसा नव्हता आणि त्याचे कारण महायुद्धात होते. १९१४ नंतर सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना नजरकैदेत टाकले. त्यांची मोठी छावणी अहमदनगरला होती आणि तिथल्या बंदिवानांत मिशनरीही होते. मुंबई-पुण्याचे जर्मन जेसुइट पाद्री यातूनच देशाबाहेर गेले. बायबल हातात असलेला माणूसही शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरू शकतो, हे महाराष्ट्राने पहिल्यांदा इतक्या ठळकपणे तेव्हा पाहिले. युद्ध संपल्यावर सरकारने परकीय मिशनांसाठी परवान्याची पद्धत घातली. अमेरिकन आणि युरोपीय मिशनऱ्यांनी कायदेशीर सरकारशी आज्ञाधारक राहण्याची आणि राजकारणापासून दूर राहण्याची हमी लिहून द्यायची, तरच प्रवेश. ही हमी पोकळ नव्हती. मदुरेकडच्या अमेरिकन मिशनमधले राल्फ कैथन गांधीजींकडे झुकले आणि १९३० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. मिशनरी स्वातंत्र्य-चळवळीबद्दल गप्प राहिले याला अनेकदा मनाचा कोतेपणा कारणीभूत होता, पण त्या गप्प राहण्याखाली सही-शिक्कादेखील होता.

शहरी मराठी ख्रिस्ती मात्र गप्प नव्हते. मुंबईच्या माझगावचे जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते. १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले. कवी नारायण वामन टिळकांनी तर प्रश्न चर्चच्या आत नेला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ताचे अनुयायित्व परकीय संस्थेच्या पगारावर अवलंबून नसावे, हा त्यामागचा आग्रह. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक वारले. पुण्यात जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात आलेले इंग्रज पाद्री व्हेरियर एल्विन हेही गांधीजींचे उघड समर्थक बनले. पुढे त्यांनी पाद्रीपण सोडले, आदिवासींत राहून काम केले आणि १९५४ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले.

हा सगळा वाद पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांचा होता. नवापूरच्या जंगलात ‘परका’ म्हणजे कोण, याचे उत्तर वेगळे होते. आदिवासींच्या रोजच्या जगण्यात अडचण करणारा माणूस म्हणजे सावकार, दारूचा मक्तेदार आणि जंगलखात्याचा शिपाई. यांतले बहुतेक हिंदुस्थानीच होते. १९२२ मध्ये पालघरकडच्या किनाऱ्यावरून उठलेली ‘देवी’ची लाट दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या आदिवासी भागात पोचली. अंगात आलेल्या देवीने दारू-मांस सोडा आणि दारूवाल्यांपासून दूर राहा असे सांगितले, आणि बघता बघता त्यात गांधीजींचे नाव मिसळले. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात व्यसनमुक्तीची आणि एकमेकांना ‘आप’ म्हणण्याची चळवळ उभी केली. १९३८ मध्ये ते वारल्यावर भाऊ रामदास महाराजांनी ती चालवली आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. स्वच्छता, दारूबंदी, भगताच्या धाकातून सुटका, लिहिणे-वाचणे, हेच मुद्दे मिशनही सांगत होते. तेव्हा ख्रिस्ती होणे हा देशाकडे पाठ फिरवण्याचा निर्णय होता, असे मानणे या भागाच्या इतिहासाला सोडून आहे. आदिवासींच्या देवमोगरा मातेच्या यात्रेला जाणारा, ‘आप’ म्हणणारा आणि रविवारी मंडळीत जाणारा, तिघेही एकाच छळातून वाट शोधत होते.

१९४२ साल इथे दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. चिंचपाड्याचा दवाखाना त्या वर्षी सुरू झाला. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला, त्याच लोहमार्गावरच्या नंदुरबारमध्ये ‘चले जाव’च्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शाळकरी शिरीषकुमार मेहतांसह पाच मुले मारली गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी घडल्या, पण पुढे त्यांना परस्परविरोधी खात्यांत टाकले गेले : एक राष्ट्राच्या, दुसरी परक्यांच्या. दवाखान्यांबद्दलची शंका आधीपासूनच होती. गांधीजींनी १९३१ मध्ये म्हटले होते की, रुग्णसेवा आणि शिक्षण ही धर्मांतराची साधने होत असतील तर मिशनऱ्यांनी जाणे बरे.

स्वातंत्र्यानंतर हीच शंका सरकारी कागदांवर आली. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याबरोबर प्रसाराचाही हक्क दिला, पण तो देणारे राज्य परकीय मिशनऱ्यांना व्हिसा देताना हात आखडता घेऊ लागले. १९५५ पासूनचे धोरण असे की, भारतीय माणूस मिळत नसेल तरच नव्या परकीयाला प्रवेश. १४ एप्रिल १९५४ रोजी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. समितीने १४ जिल्हे पालथे घातले, ७७ केंद्रांना भेटी दिल्या आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. १९५६ च्या अहवालाने धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परकीय मिशनऱ्यांना परत पाठवण्याची शिफारस केली. वर्ध्याचे ख्रिस्ती गांधीवादी प्राध्यापक एस. के. जॉर्ज हेही समितीचे सदस्य होते, ही गोष्ट अहवालाचा हवाला देणारे आणि त्यावर टीका करणारे दोघेही सहसा सांगत नाहीत. पश्चिम खानदेश मुंबई राज्यात असल्याने तो अहवाल चिंचपाड्याला थेट लागू नव्हता, मात्र त्याने दिलेली भाषा सगळीकडे पसरली.

मिशनने वेळीच पाऊल उचलले. १९७० च्या सुमारास देशातल्या अनेक मिशन-दवाखान्यांनी मिळून इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था उभी केली, तिचे मुख्यालय दिल्लीत. चिंचपाड्याचा दवाखानाही तिच्याकडे आला. माणूस देशी झाल्यावर संशयाची नजर पैशाकडे वळली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा आला. २०१० मध्ये तो नव्याने लिहिला गेला. २०२० च्या दुरुस्तीने परकीय निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो आणि तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. लहान दवाखान्यांना अशा नियमांचा भार मोठ्या संस्थांपेक्षा जास्त पडतो.

दरम्यान परकेपणाचा आरोप थेट आदिवासींवर आला होता. नवापूरला लागूनच असलेल्या गुजरातमधल्या डांगमध्ये १९९८ च्या नाताळात ख्रिस्ती प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी तिथे भेट देऊन धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे सांगितले. हल्ला झालेल्यांची वस्ती त्या जंगलात चर्चपेक्षा कितीतरी जुनी होती. दुसरी बाजू सवलतींची. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही, म्हणून ख्रिस्ती मावची किंवा गावित माणूस जमातीचाच राहतो. काँग्रेसचे खासदार कार्तिक ओराँव यांनी १९६० च्या दशकात ही तरतूद बदलण्याची मागणी लावून धरली आणि ‘डीलिस्टिंग’ या नावाने ती अलीकडे पुन्हा जोर धरते आहे. ती मान्य झाली, तर जंगल-जमिनीचे हक्क, राखीव मतदारसंघ आणि शिक्षणातल्या जागा या सगळ्यांवर नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा जमातीचे म्हणून असलेला दावा संपेल. सध्याच्या आदेशानुसार मात्र तो कायम आहे.