फोगो प्रक्रिया
फोगो प्रक्रिया : लोकांचे जीवन व त्यांची मते चित्रित करून ते लघुपट त्यांच्याच सभांतून दाखवावयाचे, त्यांवर चर्चा घडवून आणावयाची व तीतून स्थानिक कृतीस चालना द्यावयाची, ही समाजविकासाची एक पद्धती. कॅनडाच्या न्यू फाउंडलंड प्रांतातील फोगो बेटावर १९६७ मध्ये तिचा उगम झाला.

न्यू फाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात समाविष्ट झाल्यावर किनाऱ्यावरील विखुरलेली मच्छीमार गावे उठवून लोकांना मोठ्या केंद्रांत वसविण्याचे धोरण अंगीकारण्यात आले. १९५४ ते १९७५ या काळात सु. ३०,००० लोक विस्थापित झाले. फोगोवरही हे संकट होते. सु. ५,००० वस्तीच्या या बेटावर कॉड माशांचा व्यापार खालावला होता आणि निम्म्याहून अधिक रहिवासी सरकारी साहाय्यावर जगत होते. बेटावरील सु. १० गावे पंथभेद, निरनिराळ्या शाळा व खराब रस्ते यांमुळे एकमेकांपासून तुटलेली होती.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६७ मध्ये ‘चॅलेंज फॉर चेंज’ ही योजना सुरू केली. तीनुसार दिग्दर्शक कॉलिन लो आणि मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे प्रमुख डोनाल्ड स्नोडेन यांनी फोगोची निवड केली. एकच मोठा अनुबोधपट काढण्याऐवजी लो यांनी एकेक व्यक्ती, सभा वा प्रसंग यांवर २५ हून अधिक लघुपट तयार केले. चित्रित झालेल्या व्यक्तींनी आपला लघुपट आधी पाहून संमती द्यावी, हा दंडक होता. गावोगावच्या सभागृहांतून त्यांचे खेळ झाले. शेजाऱ्याच्या तोंडावर बोलणे जड जावे अशा गोष्टी पडद्यावरून ऐकताना कोणी दुखावत नसे आणि आपलीच तक्रार दुसऱ्या गावातील माणसाच्या तोंडून ऐकल्यावर ती एकट्याची नाही, हे उमगे. लघुपटांत विनोदी प्रसंग व गाणीही होती. केवळ गाऱ्हाणी असती, तर सभागृहे भरली नसती. पुढे हे लघुपट प्रांताच्या मंत्र्यांना दाखविण्यात आले व मत्स्योद्योगमंत्र्यांचे चित्रित उत्तर बेटावर परत नेण्यात आले. मध्यस्थावाचून झालेला हा संवाद त्या काळी अपूर्व होता.

त्याच सुमारास बेटवासीयांनी सहकारी संस्था स्थापून मासळीचा व्यवसाय हाती घेतला आणि खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटी बांधण्यास प्रारंभ केला. बेट उठविण्याचा विचार मागे पडला. याचे सारे श्रेय चित्रपटांना देणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. बेटावरील सुधारणा समिती व बोटबांधणीची धडपड चित्रीकरणापूर्वीचीच होती. शिवाय कॅमेरा व संकलन ही तज्ञांच्याच हाती राहिली. ही उणीव नंतर हलक्या व्हिडिओ उपकरणांनी काहीशी भरून काढली. १९६९ मध्ये माँट्रिऑलच्या सेंट जॅक्स या गरीब वस्तीत नागरिकांनी स्वतःच चित्रण केले.

‘चॅलेंज फॉर चेंज’ १९८० मध्ये संपली. पण ही पद्धती अलास्कातील मूळनिवासींच्या वस्त्यांत व इतरत्र पोहोचली आणि स्नोडेन यांनी ती भारतासह अनेक विकसनशील देशांपुढे मांडली. १९९२ मध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, तेव्हा फोगोची सहकारी संस्था खेकडे व कोळंबी यांच्या व्यवसायाकडे वळून तगून राहिली.