५६ एपीओ

परवा आजोळी माळा आवरताना जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला. त्यात धाकट्या मामाचं एक अंतर्देशीय होतं, जानेवारी १९८७ चं. मजकूर चारच ओळींचा. रजा रद्द झाली, लग्नाला येता येणार नाही, काळजी करू नका. पत्ता नेहमीचाच, मार्फत ५६ एपीओ. मामा राजस्थानात आहे की पंजाबात, हे त्यावरून कळायची सोय नाही. मी तेव्हा चौथीत होतो. मावशीच्या लग्नात एसटीचा आवाज आला की आजी दाराकडे बघायची, एवढं मात्र आठवतं.

मामाची रजा का रद्द झाली, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं.

लष्करप्रमुख जनरल सुंदरजी (हे मूळचे महार रेजिमेंटचे) यांनी १९८६-८७ च्या हिवाळ्यात राजस्थानात 'ब्रासटॅक्स' नावाचा प्रचंड युद्धसराव आखला. रणगाडे आणि चिलखती गाड्यांतलं पायदळ वेगाने कसं पुढे न्यायचं, हे आजमावायचं होतं. आपल्या दृष्टीने तो सराव. पण सीमेपलीकडून काय दिसत होतं? सिंधच्या समोर जमलेलं एवढं मोठं सैन्य! ते सरावानंतर परत जाईल की पुढे येईल, हे कोण सांगणार?

पाकिस्तानचेही सराव चालू होते. ते संपले, पण त्यांची राखीव दलं छावण्यांत परतली नाहीत. एक दल सतलज ओलांडून फाजिल्का-अबोहरच्या समोर आलं, दुसरं उत्तरेला शकरगढच्या भागात. आता घाबरायची पाळी आपली. पंजाब आधीच धुमसत होता. या दोन दलांच्या चिमट्यात तो सापडला तर? २३ जानेवारीला आपलं सैन्य सज्ज झालं आणि विमानांनी पंजाबात तुकड्या उतरू लागल्या. बहुधा त्याच सुमारास मामाने ते पत्र लिहिलं असावं.

सुंदरजींच्या मनात नुसता सराव होता की आणखी काही, यावर अजून वाद आहेत. त्यात मी पडत नाही. मला वाटतं ते एवढंच, की युद्ध करायचं असं कोणी ठरवलं नसतानाही दोन्ही सैन्यं युद्धाच्या दारात उभी होती. दोन्हीकडच्या लष्करी कार्यालयांत हॉटलाइन होती, पण फोनवर मिळालेल्या उत्तरावर विश्वास नव्हता.

सुदैवाने ४ फेब्रुवारीला टप्प्याटप्प्याने मागे हटायचं ठरलं. मग जनरल झिया जयपूरला कसोटी पाहायला आले. आमच्या घरात त्या कसोटीची आठवण वेगळीच. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर गावसकर बाद!

खरी कमाई नंतरची. १९८८ च्या शेवटच्या दिवशी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. १९९२ पासून दर १ जानेवारीला या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देण्याची प्रथा पडली, आणि कारगिलनंतरही ती मोडली नाही. १९९० मध्ये काश्मीरवरून पुन्हा ताणलं गेलं. मग एप्रिल १९९१ मध्ये ठरलं की मोठे सराव आणि सैन्याच्या हालचाली आधी कळवायच्या, आणि कोअर पातळीचा सराव सीमेपासून ४५ किलोमीटरच्या आत घ्यायचा नाही. अगदी रुक्ष कागद. पण ब्रासटॅक्समध्ये नेमकं हेच नव्हतं.

या कागदांना मर्यादा आहेत, हे कबूल. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, २००१-०२ मध्ये, जवळजवळ दहा महिने सैन्यं समोरासमोर उभी राहिली. तिथे गैरसमज नव्हता, उघड दबाव होता. तो अशा करारांनी थांबत नाही. पण निदान नुसत्या न कळण्यापायी युद्ध होऊ नये, एवढं तरी त्यांनी साधतं.

असो. मामा मार्चमध्ये आला, मावशीसाठी जयपुरी रजई घेऊन. आजीने विचारलं, "कुठं होतास रं?" तो म्हणाला, "सराव होता, आई." तिने पुढे काही विचारलं नाही.

मावशी, तू हे वाचशीलच. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मामा एकाही फोटोत का नाही, असं परवा तुझ्या नातीने विचारलं होतं ना? तिला हे वाचून दाखव.