दोरा रेशमाचा आहे का?



रहाटणीतल्या साशिकोच्या क्लासला नाव नोंदवण्याआधी मी एकच प्रश्न विचारला, "दोरा रेशमाचा आहे का?" जपानी भरतकाम म्हटले की आधी रेशीमच आठवते, आणि किड्यासकट कोष उकळून काढलेला धागा आमच्या घरात सासूबाईंच्या वेळेपासून येत नाही. (पूजेला रेशीम शुद्ध मानणाऱ्या बहिणी आपल्यात आहेत. त्यांच्याशी आज वाद नाही.)

"नाही हो काकू, सुती," शिकवणारी ताई म्हणाली. "हे शेतकऱ्यांच्या बायकांचे काम."

साशिको म्हणजे बारीक टोचे. आपला धावदोराच तो. निळ्या कापडावर पांढरा दोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. गोधडी शिवलेल्या हाताला नवे काही नाही. पण हे टाके आले कुठून ते ऐकले आणि त्या दिवशी माझी सुई थांबली.

जपानच्या उत्तरेला त्सुगारू भागात थंडी इतकी की कापूस पिकत नाही. शेतकरी भांगेच्या झाडाच्या वाखाचे कपडे घालत, त्यातून वारा आरपार जाई. त्यात 1724 साली तिथल्या सत्ताधीशांनी शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी केली. मग बायकांनी वाखाच्या कापडाची भोके सुती दोऱ्याने टाक्याटाक्याने भरून काढली. कापडाला ऊब आली, ओझे वाहून विरणारे खांदे टिकू लागले. उभे धागे विषम मोजून, एक, तीन, पाच, शंकरपाळ्यांसारखी नक्षी उमटली. याला कोगिन म्हणतात, ही साशिकोचीच बहीण. शेजारच्या नान्बू भागात धागे सम मोजतात.

1891 मध्ये रेल्वे आओमोरीपर्यंत पोचली, सुती माल सहज मिळू लागला आणि कोगिन मागे पडले. पुढे 1930 च्या दशकात यानागी सोएत्सु यांच्यासारख्या लोककलेच्या अभ्यासकांनी त्याची कदर केली.

कापसाची गोष्ट तर आपल्या घरापर्यंत येते. जपानच्या जुन्या राजवृत्तांतात नोंद आहे की 799 साली मिकावाच्या किनाऱ्याला एक परका माणूस लागला. भाषा शिकल्यावर त्याने सांगितले, मी तेन्जिकूचा, म्हणजे हिंदुस्थानचा. त्याच्याजवळ कापसाचे बी होते. दुसऱ्या वर्षी ते पेरले, पण टिकले नाही. कापूस तिथे नीट रुजायला पुढे सातशेच्या वर वर्षे गेली.

हे ऐकून क्लासमधली एक बहीण म्हणाली, "म्हणजे अपरिग्रहच की!" मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र पटेना. आपण हरी भाजी सोडतो, साड्यांची मर्यादा घेतो, ती कपाट भरलेले असताना, आपल्या तोंडाने पच्चक्खाण घेऊन. त्या बायकांना कोणी विचारले होते? सुती कापड मिळाले असते तर त्यांनी आनंदाने घातले असते, रेल्वे आल्यावर घातलेच. सक्तीला व्रत म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि व्रतावरही. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीला तसे सांगितले. ती जरा रुसली.

सध्या मी सामायिकाच्या आसनाला खोळ शिवते आहे, जुन्या सुती साडीचे दोन थर घेऊन. यात सुई पुढे ढकलायची नाही, कापडच घडी घालत सुईवर चढवायचे. मग दोरा ओढून टाके बोटांनी सारखे करत जायचे, नाहीतर कापड आखडते. माझ्या पहिल्या चार ओळी आखडल्या. काल बसून उसवल्या.